नवरदेवाचा चाकू

माझ्या बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात गेल्या महिन्यापर्यंत एकतीस चाकू होते. सगळे मिटणारे, खिशात मावणारे. त्यांतले तीस माझे आहेत. प्रत्येकाची नोंद मी एका वहीत केली आहे. कुठे मिळाला, कुणाचा होता, तो माणूस त्याने काय कापायचा, आणि शेजारी पेन्सिलीने काढलेलं चित्र. एकोणीस क्रमांकाचं पान मात्र साठाहून अधिक वर्षं कोरं होतं. त्या पानावर काय यायला हवं होतं ते आता लिहितो. त्या चाकूपायी एका माणसावर चोरीचा आळ आला. चोर तो नव्हता, मी होतो.

मी मूळचा कोकणातला. वडील आंब्याची कलमं बांधायचे. पन्नास सालानंतर, पिंपरीला कारखाने निघू लागले तेव्हा मला तिथे एका कारखान्यात नोकरी लागली. निघताना वडिलांनी त्यांचा जुना कलमाचा चाकू ओटीच्या कठड्यावर ठेवला आणि म्हणाले, "उचल." हातात दिला नाही. पातं कुणाच्या हातात द्यायचं नाही, खाली ठेवायचं आणि दुसऱ्याने उचलायचं, हा आमच्याकडचा नियम. हातात दिलं की दोघांचं बिनसतं म्हणतात. घाटावर आलो तर इथेही तोच नियम. त्यामुळे माझ्या डब्यातला प्रत्येक चाकू मी कुठून तरी उचललेला आहे. कट्ट्यावरून, पोत्यावरून, सायकलच्या सीटवरून, एकदा तर बसल्या म्हशीच्या पाठीवरून. ही गोष्ट पुढे लागणार आहे.

वडिलांच्या चाकूला एका टोकाला पातं होतं आणि दुसऱ्या टोकाला हाडाची चपटी जीभ. फांदीच्या सालीत चीर पाडली की त्या जिभेने साल अलगद उचलायची, तिथे लोखंड लागू द्यायचं नाही. लहानपणापासून मी तो चाकू रोज बघत होतो, पण नीट बघितला तो कारखान्यात फिटर झाल्यावर. दिवसभर पंप आणि झडपा खोलून जोडायचं काम. कुठलीही वस्तू हातात आली की ती आतून कशी आहे हे कळल्याशिवाय मला चैन पडेना. चाकूचं पातं अर्ध्यापर्यंत ओढावं लागतं आणि मग ते आपणहून पुढे झेप घेतं. असं का? एका सुट्टीच्या दिवशी मी तो खोलला. पातं ज्या खिळ्याभोवती फिरतं तिथला त्याचा बुडखा गोल नसतो, चौकोनी असतो, आणि मुठीच्या पाठीत बसवलेली पोलादी पट्टी त्या चौकोनाच्या सपाट बाजूवर टेकायला बघते. एवढंच. पण ते कळलं त्या दिवशी मी चिंचवडच्या माझ्या भाड्याच्या खोलीत बसून तो चाकू शंभर वेळा तरी उघडला आणि मिटला असेल.

मग नादच लागला. देहूरोडला एका निवृत्त हवालदाराकडे लष्करी चाकू होता. त्याला पात्याखेरीज दाभणासारखा एक जाड काटा होता. तो कशासाठी, असं मी विचारलं. हवालदार म्हणाले, दोराच्या ओल्या गाठी सोडवायला. थोड्या वेळाने म्हणाले, घोड्याच्या खुरातला खडा काढायला. चहा झाल्यावर म्हणाले, "खरं सांगू का, मला ठाऊक नाही. मी आयुष्यभर त्याने नारळाचे डोळे फोडले." चाकणच्या बाजारात कांद्याच्या आडत्याकडे एक चाकू मिळाला, त्याचं पातं झिजून करंगळीएवढं राहिलं होतं. पोत्यातला एखादा कांदा चिरून आत सड आहे का ते बघण्यापुरतं ते उघडत असे. चऱ्होलीच्या माळावर मेंढ्या घेऊन बसलेल्या एकाचा चाकू मुद्दाम वाकवलेला होता, मेंढ्यांची खुरं तासायला. पिंपरीच्या निर्वासित छावणीत एका कापडवाल्याकडे हस्तिदंती मुठीचा चाकू होता, तो मी तीनदा जाऊन बघितला. ते गृहस्थ म्हणाले, "घरातून निघताना खिशात किल्ल्या होत्या आणि हा होता. किल्ल्यांचा आता उपयोग नाही." तो चाकू मी मागितला नाही. त्याचं चित्र वहीत आहे.

कारखान्यात सगळे माझी टिंगल करायचे. "काय राव, दरोडा घालायचाय का?" "याच्या खिशात फणी न्हाई, पण चाकू चार!" मी वही काढून दाखवायचो. ही वही माझी अब्रू होती. मी विचारून घेतो, लिहून घेतो, नाही म्हटलं तर चित्र काढून परत देतो, हे सगळ्यांना माहीत होतं.

आमच्याच खात्यात मोशीचा एक जण होता. सकाळी मळ्यात पाणी धरून सायकलवरून शिफ्टला यायचा. माझा पहिला जवळचा मित्र तोच. एकदा डबा खाताना तो म्हणाला, "राव, तुमी कुटं कुटं हिंडताय. आमच्या घरात एक हाय, तसला तुमच्या वहीत नसंल."

"कसला?"

"नवरदेवाचा."

मला कळेना. त्याने समजावून सांगितलं. हळद लागली की अक्षता पडेपर्यंत नवरदेवाने हातातून लोखंड सोडायचं नाही. कुणी कट्यार धरतं, कुणी साधा अडकित्ता. टोक असलं तर त्यावर लिंबू टोचलेलं असतं. यांच्या भावकीत मात्र चार पिढ्यांपासून एकच मिटणारा चाकू होता. ज्या घरात लग्न त्या घरी तो जायचा, आणि लग्न उरकलं की मित्राच्या आईकडे परत यायचा. ती थोरली सून म्हणून.

पुढच्या सुट्टीला मी मोशीत हजर. मित्राच्या आईने कोनाड्यातून एक पत्र्याची डबी काढली, फडकं सोडलं आणि चाकू माझ्यापुढे घोंगडीवर ठेवला. मूठ म्हशीच्या शिंगाची, काळीभोर, मध्ये मधाच्या रंगाची एक रेघ. शेपटाला पितळेची टोपी. पातं रुंद, टोकाला निमुळतं. हे सगळं ठीक होतं. नवल वेगळंच होतं. मूठ एकसंध होती. पोटाच्या बाजूला पातं मिटण्यापुरती खाच, आणि पाठ अखंड. पाठीत पट्टीच नव्हती. तरी पातं अर्धं ओढलं की ते झेपावायचं आणि टक् करून बसायचं. तो आवाजही पोलादाचा नव्हता. लाकडावर लाकूड आपटावं तसा होता.

"कुणी केला हा?" मी विचारलं.

"माझ्या आज्जेसासऱ्यांच्या टायमाचा कुणी लोहार व्हता म्हणं चाकणला," आई म्हणाल्या. "त्यानं दुसरा केला न्हाई. बोटं गेली म्हणत्यात."

"आत काय आहे?"

"आता आत काय आसनार, बाबा? चाकूच हाय."

मित्र हसला. "आये, त्यांना आतलं बगितल्याबिगर भाकर गोड लागत न्हाई."

मी वहीच्या शेवटच्या पानावर चित्र काढलं. त्या दिवसापासून डोक्यात एकच. पाठीत पट्टी नाही, मग ते पातं रेटतं कोण? कारखान्यात जेवणाच्या सुट्टीत मी कागदावर आकृत्या काढायचो. घड्याळाची स्प्रिंग असेल का? चाकणच्या लोहाराला त्या काळी ती कुठून मिळणार? तारेचं वेटोळं? मग आवाज असा का? दोन-तीनदा मोशीला जाऊन मी पुन्हा चाकू बघितला. शेपटाची टोपी एका बारीक पितळी खिळ्याने धरलेली होती. तो काढला की उत्तर हातात येईल हे मला दिसत होतं. एकदा मी तसं बोललोही. आई म्हणाल्या, "देवाच्या जागी हाय तो. खोलायचा न्हाई." विषय संपला. माझ्या मनातला संपला नाही.

पुढच्या वैशाखात मित्राच्या धाकट्या भावाचं लग्न निघालं. सुट्टीचा दिवस होता म्हणून मी मदतीला गेलो होतो. अंगणात धारवाला आला होता. त्याला सगळी मोशी मामा म्हणायची. लाकडी चौकटीत बसवलेलं सहाणेचं चाक खांद्यावर घेऊन तो मोशी, चऱ्होली, चाकण असा वीस वर्षं फिरत होता. पायाने पट्टा दाबायचा आणि चाक फिरवायचं. लग्नघरी विळे, कोयते, अडकित्ते सगळं त्याच्यापुढे टाकलं होतं, आणि शेवटी आईंनी नवरदेवाचा चाकू आणून पोत्यावर ठेवला.

मी मामाशेजारी उकिडवा बसलो. त्याने त्या चाकूला चाक लावलं नाही. हातातल्या लहान दगडावर, थुंकी लावून, कितीतरी वेळ घासत बसला.

"याला चाक का नाही लावत?" मी विचारलं.

"याची तऱ्हा न्यारी हाय. चाकावर हा तापतो आन् शिंग फुगतं. ह्याचा मालक शिंग हाय, लोखंड न्हाई." मग माझ्याकडे बघून म्हणाला, "तुमीच ना ते, चाकूची चित्रं काढणारं पाव्हणं?"

"हो. आत काय असेल याच्या?"

तो हसला. "मलाबी वीस वर्सं तेच कोडं पडलंय."

धार झाली. त्याने चाकू पुसला, मिटला आणि माझ्यापुढे पोत्यावर ठेवला. तेवढ्यात घरातून हाक आली. मांडवाची पहिली मेढ रोवायची होती, आंब्याचा डहाळा बांधून. सगळं घर पुढच्या दाराशी गेलं. मामा विहिरीवर पाणी प्यायला गेला. अंगणात मी, चाक आणि पोत्यावरचा चाकू.

मी तो उचलला आणि खिशात घातला.

स्वतःला मी वर्षानुवर्षं सांगत आलो की उजेडात बघावा आणि परत ठेवावा एवढंच मनात होतं. ते खरं नाही. अंगणात वैशाखातलं ऊन होतं, उजेडाची काही कमतरता नव्हती. मला तो खोलीवर नेऊन खोलायचा होता. दुसऱ्या दिवशी परत जोडून आणीन, घाईगर्दीत कुठेतरी ठेवून देईन, कुणाला कळणारही नाही, असा हिशेब त्या एका क्षणात मी केला होता.

मेढ रोवून झाली आणि आई पोत्याशी आल्या. त्यांची मोजदाद तोंडानेच चालू होती. "इळं चार, कोयतं दोन, आडकित्ता... आन् चाकू?"

मामा विहिरीवरून येत होता. "हितंच ठेवला की."

"हितं कुटं?"

या वेळी मी हसून खिशातून चाकू काढला असता तर सगळे हसले असते. मित्र म्हणाला असता, बघा, राव कसे हावरे. एवढ्यावर मिटलं असतं. माझा हात खिशापर्यंत गेलाही होता. पण तेवढ्यात मित्राचे चुलते पुढे झाले आणि त्यांनी मामाची पिशवी जमिनीवर उलटी केली. दगड, बिडीचं बंडल, तेलाची बाटली, भाकरीचं फडकं. चुलत्यांनी त्याच्या बंडीचे खिसे चाचपले. माणसं जमली. आता चाकू माझ्या खिशातून निघाला असता तर तो थट्टेत निघाला नसता.

"म्या पोत्यावर ठेवला, आई. पाव्हण्यांच्या म्होरं ठेवला. इचारा त्यांना," मामा म्हणाला.

सगळे माझ्याकडे वळले. मित्राने विचारलं, "राव, बगितलं तुमी?"

मी म्हणालो, "ठेवताना बघितलं. उचलताना नाही बघितलं."

हे वाक्य मला शब्दन् शब्द आठवतं. त्यातला पहिला भाग खरा होता, आणि त्या खऱ्या भागामुळेच दुसऱ्यावर सगळ्यांचा विश्वास बसला.

"आरं पाव्हण्याचा खिसा बगा कुणीतरी, चाकूचं येड त्यांनाच हाय!" गर्दीतून कुणीतरी ओरडलं, आणि लोक खो खो हसले. माझ्या मित्रानेच दम दिला, "गप रं. त्यो मानूस वहीत लिवल्याबिगर टाचणी उचलत न्हाई." मीही हसलो. पँटच्या खिशात शिंगाची मूठ मांडीला लागत होती.

मामाला मारलं नाही कुणी. त्याला त्याचं चाक उचलायला लावलं, आणि चुलत्यांनी सांगितलं, पुन्हा वेशीच्या आत दिसायचं नाही. तो जाताना मागे वळून आईंना एवढंच म्हणाला, "वीस वर्सं तुमच्या घरचं पातं पाजळलं, आई." आईंनी तोंड फिरवलं.

दुसऱ्या दिवशी मला दुपारची पाळी होती. सकाळी खोलीच्या दारात बसून, समोर वर्तमानपत्राचा कागद पसरून, मी शेपटाचा खिळा काढला. हे लिहिताना लाज वाटते, पण सांगायला हवं की त्या वेळी मला आदल्या दिवशीचं काही आठवत नव्हतं. डोक्यात फक्त तो खिळा होता.

टोपी निघाली आणि कागदावर पिवळी पूड सांडली. मला वाटलं गंज, पण गंज असा पिवळा नसतो. वास घेतला. हळद होती. चार पिढ्यांच्या नवरदेवांच्या हाताची हळद, खाचेतून आत झिरपून शेपटात साठलेली. चिमूटभर असेल. मी ती पुडीत बांधली.

मग आत बघितलं. पाठीच्या बाजूने, मुठीच्या पोटात, शिंगाचीच एक पातळ पट्टी सरकवलेली होती. पोलाद नाही, तार नाही. लोहाराने शिंग तापवून, चिरून, धनुष्यासारखं किंचित वाकवून आत बसवलं होतं आणि त्या शिंगाने सत्तर-ऐंशी वर्षं पातं रेटलं होतं. मी थक्क झालो. मामा म्हणाला होता ते बरोबर होतं, या चाकूचा मालक शिंगच होतं. पट्टी सगळी दिसावी म्हणून मी पकडीत धरून ती हलकेच ओढली.

ती मोडली. खूप वाळलेली होती. दोन तुकडे झाले, आणि चाकूचं पातं मेलेल्या पक्ष्याच्या मानेसारखं लोंबू लागलं.

कारखान्यातल्या पोलादाची पट्टी मी करून बघितली. बसली नाही, शिंगाला तडा जाऊ लागला. म्हशीचं शिंग आणून तीन वेळा प्रयत्न केला, एकदा पट्टी जळली, दोनदा चिरली. लग्नाचा दिवस आला. असा लोंबणारा चाकू अंगणात नेऊन टाकला असता तर कुणीतरी तो खोलला हे उघड झालं असतं, आणि खोलायची हौस कुणाला होती हे सगळ्या घराला ठाऊक होतं. मी तो डब्यात ठेवला.

लग्नाला गेलो. नवरदेवाच्या हातात अडकित्ता होता. अडकित्त्याला लिंबू टोचता येत नाही, म्हणून ते सुतळीने बांधलं होतं आणि सारखं सुटून पडत होतं. पाठीशी उभी असलेली करवली, त्याची बहीण, दर वेळी ते उचलून द्यायची आणि म्हणायची, "धर रं नीट, न्हाईतर बायकू पळंल." लोक हसत होते. आई हसत नव्हत्या. मी पंगतीत बसून जेवलो.

संसार दोघांचा चांगला झाला, हेही सांगायला हवं. काही अशुभ घडलं नाही. घडलं ते मामाचं. मोशीत बंद झाला तशी चऱ्होलीतही त्याला कुणी पातं देईना. नातीगोती सगळीकडे, बातमी त्याच्या आधी पोचायची.

दिवाळीच्या सुमारास मी चाकणच्या बाजारात गेलो होतो, तर एका कडेला, जनावरांच्या बाजाराच्या पलीकडे, मामा चाक लावून बसलेला. परत फिरावं असं वाटलं, पण त्याने बघितलं होतं. मी जवळ गेलो आणि काहीतरी करायचं म्हणून खिशातला लष्करी चाकू त्याच्यापुढे ठेवला. त्याने धार लावली. मी हात पुढे केला नाही, तो खाली ठेवील म्हणून थांबलो. त्याने चाकू मिटून माझ्यासमोर धरला.

"हातात घ्या."

"हातात?"

"आता मी समद्यांना हातातच देतो. जमिनीवर ठिवलं की हरवतं. हातात दिलं तर भांडण व्हईल म्हणत्यात, हूं दे की. निदान घेतलं कुणी ते तरी कळंल."

म्हणूनच त्याच्यापुढे गर्दी नव्हती. पातं हातात कोण घेणार? बायका तर पदर सावरून मागे सरकायच्या. माझ्या देखत एक म्हातारी आपला विळा न घेताच उठली होती, शेवटी नातवाने तो घेतला. मी चाकू हातात घेतला. त्याची बोटं माझ्या बोटांना लागली.

तो सावकाश म्हणाला, "पाव्हणं, एक इचारू? त्या चाकवाच्या आत काय व्हतं? तार व्हती का शिंग? माझं मन म्हणतं शिंग."

तो चिडून विचारत नव्हता. खरोखर त्याला जाणून घ्यायचं होतं. त्याला सगळं कळलं होतं, की नुसती शंका होती, हे मी आजही सांगू शकत नाही. पण जगात त्या प्रश्नाचं मोल कळणारे आम्ही दोघंच होतो.

"मला काय माहीत?" मी म्हणालो.

"वीस वर्सं हातात व्हता. येका खिळ्याचं काम व्हतं. पर कसं खोलणार? दुसऱ्याचा ना." त्याने चाकाचा पट्टा नीट केला. "कळलं तर सांगा."

नंतर मी चाकणच्या बाजाराला गेलो नाही. वर्षभराने कुणी म्हणालं मामा जुन्नरकडे गेला, कुणी म्हणालं गावी परत गेला. त्याचं गाव कुठलं हे मी कधी विचारलं नव्हतं. प्रत्येक चाकूवाल्याची वहीत नोंद करणारा मी, त्याच्याबद्दल माझ्याकडे एक ओळ नव्हती.

चाकू मी पुढेही जमवले, बारा. पण कुठलाही खोलला नाही.

माझा मित्र जाऊन बरीच वर्षं झाली. त्याला सांगायचं राहिलं. आई त्याच्याही आधी गेल्या. गेल्या महिन्यात मी नातवाला घेऊन मोशीला गेलो. घर होतं तिथे आता सात मजली इमारत आहे आणि तिच्या दुसऱ्या मजल्यावर तो तेव्हाचा नवरदेव राहतो. पंच्याऐंशीच्या पुढचा, कानाने कमी, पण ताठ. त्याने मला ओळखलं. चहा आला. मी फडकं सोडलं, आणि चाकू टीपॉयवर न ठेवता त्याच्यापुढे धरला.

तो हाताकडे बघत राहिला. "खाली ठेवा की."

"नको. हातात घ्या."

त्याने घेतला. मी सांगितलं. खिसा, ते वाक्य, चाकण, सगळं. त्याने पातं उघडून बघितलं, ते लोंबलं.

"आत काय व्हतं?"

"शिंगाची पट्टी," मी म्हणालो. हे उत्तर मी जन्मात पहिल्यांदा दिलं, आणि ज्याला द्यायचं होतं तो समोर नव्हता.

मग पुडी दिली. त्याने ती उघडली. रंग विटून मातकट झाला होता. मी सांगितलं, ही आतून निघाली, त्याच्या वडिलांची, आजोबांची, थोरल्या भावाची हळद. त्याने ती चिमटीत धरली.

"समद्यांची हाय," तो म्हणाला. "माझीच न्हाई."

 पुडी परत बांधत तो म्हणाला, "मला सांगून काय व्हनार, राव? आयेनं मरस्तवर त्या मामाला शिव्या घातल्या. गावात घातल्या. तुमी गावात सांगा."

म्हणून परवाच्या रविवारी, देवळाच्या सभामंडपात, त्यांच्या भावकीतली वीस-पंचवीस माणसं जमली होती तिथे मी हे सांगितलं. तरुण पोरांना त्यात विशेष वाटलं नाही, एकाने फोनवर चाकूचे फोटो काढले. जुनी माणसं तीनच होती. त्यांतली एक, लग्नात लिंबू उचलून देणारी ती करवली, भिंतीला टेकून बसली होती. माझं बोलून झाल्यावर ती शेजारणीला मोठ्याने म्हणाली, "म्हंजे मामा खरं बोलत व्हता."

शेजारणीने विचारलं, "कोन मामा?"

आणि ती तिला पहिल्यापासून सांगू लागली.

घरी येऊन मी वही काढली. एकोणीस. मूठ म्हशीच्या शिंगाची, एकसंध. शेपटाला पितळी टोपी. आतली पट्टीही शिंगाची, ती मी मोडली. मोशीच्या एका भावकीचा. धारवाल्याने धार लावून पोत्यावर ठेवला होता, माझ्यापुढे. मी उचलला. आता परत केला आहे. डब्यात तीस.